सॉफ्टवेअर ‘नाही’ म्हणत नाही

पहिल्याच प्रॅक्टिकलला माझी चाळीस पर्जन्यमापन केंद्रं आर्क्टिक महासागरात बुडाली.

काम अगदी साधं होतं. एक तक्ता, त्यात केंद्राचं नाव, अक्षांश, रेखांश आणि वर्षभराचा पाऊस. तो क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा आणि केंद्रांचे ठिपके नकाशावर आणायचे. मी एक्सच्या जागी अक्षांश दिले आणि वायच्या जागी रेखांश, कारण बोलताना आपण आधी अक्षांशच म्हणतो. झालं! उष्ण कटिबंधातली केंद्रं उडाली ती थेट ध्रुवाच्या वाटेला लागली. सॉफ्टवेअरनं चकार शब्द काढला नाही. निळ्या पाण्यावर चाळीस ठिपके कसे ओळीनं, नीटनेटके. शेजारच्या मुलाचे काही ठिपके आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात एकावर एक पडले होते. त्याच्या तक्त्यात न मिळालेल्या आकड्यांच्या जागी कुणीतरी शून्य भरून ठेवलं होतं, त्यामुळे शून्य अक्षांश, शून्य रेखांश. जगभरच्या जीआयएसवाल्यांनी, म्हणजे संगणकावर भौगोलिक माहिती हाताळणाऱ्यांनी, त्या जागेला ‘नल आयलंड’ असं नाव ठेवलंय. तिथं बेट वगैरे काही नाही, हवामानाच्या नोंदी घेणारा एक बोया तरंगत असतो.

मॅडम फिरत फिरत आमच्या मागं येऊन थांबल्या. दोन्ही पडदे पाहिले आणि म्हणाल्या, “एक ध्रुवावर, एक बेटावर. छान! सॉफ्टवेअर काही बोललं का?”

“नाही मॅडम.”

“ते बोलणारही नाही. दोन वर्षांत एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.”

खरं सांगायचं तर मला भूगोल नकोच होता, जीआयएस हवं होतं. पदवीला भूगोल घेतला तो दुसरं काही मिळालं नाही म्हणून, आणि पदव्युत्तरला राहिले ते नावापुढे ‘जीआयएस’ लागलं म्हणून. वर्गात दोन जाती होत्या. एक आम्ही, भूगोलाकडून आलेले. आम्हाला नदीचं अपहरण म्हणजे काय ते माहीत होतं, पण फोल्डर झिप करायला सांगितलं की घाम फुटायचा. दुसरे संगणकाकडून आलेले. ते आठवड्याभरात पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायचे, पण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हटलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे. पहिले काही महिने दोन्ही बाजू एकमेकांना मनातल्या मनात कमी लेखत होत्या. असाइनमेंट जोडीनं करायच्या असा नियम निघाला तेव्हा बोलणं सुरू झालं. माझ्या वाट्याला संगणकवाली मैत्रीण आली. तिचा उल्लेख पुढं येईलच.

पहिल्या सेमिस्टरला कार्टोग्राफी, म्हणजे नकाशाशास्त्र, होती आणि तीही हातानं. ड्रॉइंग शीट, टोकदार पेन्सिल, लॉग टेबल. प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत. शंकू प्रक्षेपण, ध्रुवीय खमध्य प्रक्षेपण, मर्केटरचं प्रक्षेपण, एकेकाला दोन-दोन दिवस. मला राग यायचा. जे काम संगणक एका क्लिकवर करतो त्यासाठी बोटं काळी का करायची? मर्केटर काढताना मात्र एक गंमत झाली. १५६९ साली खलाशांसाठी केलेलं हे प्रक्षेपण. रेखावृत्तं सगळी समांतर उभ्या रेषा. प्रत्यक्षात ती ध्रुवाकडं जवळ येत जातात, ६० अंशांवर त्यांच्यातलं अंतर विषुववृत्तावरच्या निम्मंच उरतं. म्हणजे कागदावर ती तिथं दुप्पट ताणली गेली. मग कोन बिघडू नयेत म्हणून अक्षवृत्तंही तेवढ्याच पटीत लांब लांब टाकायची. ६० अंशांवर दोन्हीकडून दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट. हे वाक्य मी परीक्षेत अनेकदा लिहिलं होतं. पण पेन्सिलीनं एकेक अक्षवृत्त वर सरकवत नेताना ८० अंशांच्या आसपास माझा कागद संपला, तेव्हा ते हाताला कळलं. ध्रुव कुठल्याच कागदावर मावत नाही, तो अनंतावर असतो.

त्या कागदाची आठवण दुसऱ्या सेमिस्टरला झाली. जंगलाच्या एका तुकड्याचं क्षेत्रफळ काढायचं होतं. पॉलिगॉन, म्हणजे त्याच्या हद्दीची बंद आकृती, मी काढला आणि फाइल मैत्रिणीला दिली. दोघींनी वेगवेगळं गणित केलं, सॉफ्टवेअर तेच, फाइल तीच. माझं उत्तर तिच्यापेक्षा सुमारे १३ टक्के जास्त! अर्धा दिवस एकमेकींच्या चुका शोधण्यात गेला. शेवटी लक्षात आलं की मी पॉलिगॉन काढताना मागं वेब नकाशा लावला होता आणि थरही त्याच वेब मर्केटरमध्ये, म्हणजे वेब नकाशांच्या मर्केटर प्रक्षेपणात, जतन केला होता. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळाची दोन सूत्रं आहेत. एक सपाट कागदावरचं माप सांगतं, ते मी वापरलं. दुसऱ्याच्या आधी डॉलरचं चिन्ह असतं, ते प्रकल्पात ठरवलेला पृथ्वीचा लंबगोल धरून माप काढतं, ते तिनं वापरलं. आमचा तुकडा २० अंश अक्षांशाजवळचा. तिथं मर्केटर क्षेत्रफळ फुगवतं ते बरोबर तेवढंच, १३ टक्क्यांच्या आसपास. चौपट फुगलं असतं तर कुणाच्याही डोळ्यात आलं असतं. १३ टक्के कुणाच्या डोळ्यात येणार? मी एकटीनं ते काम केलं असतं तर तो आकडा माझ्या जर्नलमध्ये सहीसकट बसला असता.

यूटीएम या मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या प्रक्षेपण पद्धतीची ओळख त्यानंतर नीट झाली. पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे, प्रत्येकाचा मध्य रेखावृत्तावरचा आकडा पाच लाख मीटर, का तर डावीकडच्या कुठल्याच जागेला उणे आकडा यायला नको. हे कुणा कारकुनी डोक्याच्या माणसानं सुचवलं असणार, असं मला नेहमी वाटतं. फार सोयीचं आहे पण.

आता जिओरेफरन्सिंगबद्दल. या विषयावर मी तासभर बोलू शकते आणि घरचे लोक ते जाणून आहेत.

जुना टोपोशीट, म्हणजे भूभागाचा तपशीलवार छापील नकाशा, स्कॅन करायचा आणि त्याला पृथ्वीवरच्या त्याच्या जागी बसवायचं. त्यासाठी नियंत्रण बिंदू द्यायचे: नकाशावरची ही जागा म्हणजे जमिनीवरची ती जागा. मी रस्त्यांचे चौक, पूल, देवळं असे दहा बिंदू उपग्रह प्रतिमेवरून हेरले. मग रूपांतराचा, म्हणजे नकाशा त्या बिंदूंवर बसवणाऱ्या समीकरणाचा, प्रकार निवडायचा असतो. पहिली घात, दुसरी घात, तिसरी घात. मोठी घात म्हणजे जास्त अचूक अशी माझी समजूत, म्हणून तिसरी निवडली. आरएमएस त्रुटी, म्हणजे बिंदू आपल्या जागेपासून सरासरी किती हुकले ते माप, किती आली? शून्य! मी खुर्चीतून उठून मॅडमना बोलवायला गेले.

मॅडमनी नकाशा मोठा केला. त्यावरचा सरळसोट रेल्वेमार्ग सापासारखा वळवळत गेला होता.

“किती बिंदू दिलेस?”

“दहा.”

“आणि तिसऱ्या घातीच्या समीकरणाला कमीत कमी किती लागतात?”

दहाच लागतात. पहिल्या घातीला तीन, दुसरीला सहा, तिसरीला दहा. मी जेवढे अनिवार्य तेवढेच दिले होते. मग समीकरण काय करणार, दहाही बिंदूंतून मुकाट्यानं जाणार. चूक किती हे मोजायला अकरावा बिंदूच नव्हता. त्यात माझा एक चौक साफ चुकलेला, जुना रस्ता पुढं सरकला होता. समीकरणानं तो चुकीचा चौकही खरा मानला आणि त्याच्यासाठी अख्खा कागद मुरगळला. तेच दहा बिंदू ठेवून पहिली घात लावली तर एका बिंदूची त्रुटी बाकीच्यांच्या कितीतरी पट आली. चोर लगेच सापडला. “शून्य दिसलं की आधी घाबरायचं,” मॅडम जाता जाता म्हणाल्या. यात डेटमचा, म्हणजे पृथ्वीचा कुठला आकार धरून मोजायचं याचा, प्रश्न वेगळाच. जुने नकाशे वेगळा लंबगोल धरून केलेले असतात, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ धरतो. दोन डेटममध्ये एकाच आकड्याची जागा शेकडो मीटरनं सरकू शकते.

डिजिटायझेशनचे, म्हणजे स्कॅन केलेल्या नकाशावरच्या रेषा संगणकात गिरवण्याचे, दोन महिने मी थोडक्यात उरकते, कारण ते तसे उरकले नाहीत. समोच्च रेषेवरून माउस नेत राहायचं. मान, मनगट, डोळे. रेषा जोडायची राहिली तर अंडरशूट, पुढं गेली तर ओव्हरशूट, दोन पॉलिगॉनच्या मध्ये फट राहिली तर स्लिव्हर. एका रेषेची उंची ४६० ऐवजी ६४० लिहिली गेली आणि त्रिमितीत पाहिलं तर सपाट रानात एक सुळका उभा.

शेपफाइलचं दुखणं मात्र सांगायलाच हवं, कारण ते आपल्या लिपीशी निगडित आहे. शेपफाइल हा नकाशाची माहिती साठवायचा एक प्रकार. ती एक फाइल नव्हे, ते एक कुटुंब आहे. डॉट एसएचपीमध्ये आकार, डॉट डीबीएफमध्ये तक्ता, डॉट एसएचएक्समध्ये आकारांची अनुक्रमणिका, डॉट पीआरजेमध्ये प्रक्षेपण. एक हरवलं तरी घर बसतं. त्यातल्या तक्त्याच्या रकान्याला नाव द्यायला फक्त दहा बाइट मिळतात. इंग्रजीत दहा अक्षरं मावतात. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजून. मी रकान्याला ‘लोकसंख्या’ असं नाव दिलं. जतन करून परत उघडलं तर ‘लोक’ एवढंच शिल्लक, पुढं एक तुटकं चिन्ह. संख्या गेली, लोक राहिले. गावांची नावं तर एका संगणकावर नीट, दुसऱ्यावर नुसती प्रश्नचिन्हं. नंतर आम्ही सगळं जिओपॅकेज या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये हलवलं आणि तो त्रास संपला. तेव्हापासून कुणी मराठी नावांची शेपफाइल पाठवली की मी आधी नाव बरोबर आलंय का ते बघते, मग नकाशा.

थिअरीचे तास कंटाळवाणे असतील असं धरून चालले होते, तसे काही होतेही. एक तास मात्र अजून आठवतो. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरचा १८५४ चा कॉलरा आणि जॉन स्नोचा नकाशा. जीआयएसच्या बहुतेक अभ्यासक्रमांची सुरुवात या गोष्टीनं होते: डॉक्टरनं मृत्यूंच्या खुणा नकाशावर मांडल्या, त्या एका पंपाभोवती दाटल्या, कारण सापडलं. मॅडमनी ती गोष्ट उलटी सांगितली. कॉलरा पाण्यातून पसरतो हे मत स्नोनं १८४९ मध्येच छापलं होतं. पंपाचा दांडा १८५४ च्या सप्टेंबरात काढला गेला, त्याचा प्रसिद्ध नकाशा लोकांपुढं आला तो नंतर. म्हणजे नकाशानं शोध लावला नाही, नकाशानं बाजू मांडली. आणि त्याच्या युक्तिवादाला खरं बळ आलं ते पंपाभोवतीच्या गर्दीत न बसणाऱ्या खुणांमुळे. पंपाजवळच्या मद्य कारखान्यातले कामगार मेले नाहीत, ते त्या पंपाचं पाणी पीत नव्हते. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मात्र गेली. स्नोनं चौकशी केली तेव्हा कळलं की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते मुद्दाम मागवून घ्यायची. “ही बाई कुठल्या बफरमध्ये बसते?” मॅडमनी विचारलं. बफर म्हणजे एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतरावर आखलेलं कडं. वर्गात कुणालाच उत्तर देता आलं नाही.

तिसऱ्या सेमिस्टरला सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहाच्या प्रतिमांवरून अभ्यास, आलं आणि मी प्रेमात पडले. १९७२ च्या पहिल्या लँडसॅट उपग्रहापासूनच्या प्रतिमांचा साठा, जो २००८ पासून सर्वांना विनामूल्य आहे. वीस वर्षांपूर्वीचं एखादं खोरं बसल्या जागी उघडता येतं! लँडसॅट ५ तर तीन वर्षांसाठी सोडला होता आणि १९८४ पासून जवळजवळ २९ वर्षं काम करत राहिला. मी ठरवलं की प्रकल्प यावरच. वीस वर्षांच्या अंतरानं दोन प्रतिमा घ्यायच्या, एक लँडसॅट ५ ची, एक लँडसॅट ८ ची, आणि एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, काढून जंगल किती घटलं ते दाखवायचं. सूत्र शाळकरी आहे. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतं. इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि दोन्हींच्या बेरजेनं भागायचं. उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्यात.

घट आली. घट कसली, जंगल जवळजवळ नाहीसंच झालं होतं. मी त्या रात्री प्रस्तावनेचं पहिलं वाक्य लिहून ठेवलं: ‘अभ्यासक्षेत्रातील वनाच्छादनात चिंताजनक घट झाली आहे.’ सकाळी मैत्रिणीला नकाशा दाखवला. तिला जंगलातलं काही कळत नाही, पण ती रंग नीट बघते. म्हणाली, “तलाव आणि जंगल एकाच रंगात कसे?” मग मी पाहिलं की नव्या नकाशात सगळ्यात हिरवंगार काय आहे, तर नांगरून ठेवलेली शेतं आणि उघडे माळ.

उपग्रह प्रकाशाचा एकेक पट्टा वेगळा टिपतो आणि त्यांना क्रमांक असतात. लँडसॅट ५ मध्ये लाल पट्टा तिसरा आणि इन्फ्रारेड चौथा. लँडसॅट ८ मध्ये सुरुवातीला एक नवा पट्टा घातला गेल्यामुळे सगळे एकेक घर पुढं सरकलेत, लाल चौथा आणि इन्फ्रारेड पाचवा. मी दोन्हीकडं चार वजा तीन केलं होतं. म्हणजे नव्या प्रतिमेत लालमधून हिरवा वजा केला. उत्तर उणे एक आणि अधिक एकच्या मध्येच आलं, नकाशा रंगला, सूची छापली गेली. सॉफ्टवेअरला त्यात वावगं काय दिसणार?

पट्टे सुधारल्यावरही घट होतीच, आधीच्यापेक्षा कमी. या वेळी चूक मला सापडली, तिला नाही. जुनी प्रतिमा पावसाळा सरतानाची होती, नवी भर उन्हाळ्यातली, कारण ढग नसलेली तीच आधी मिळाली. जंगल पानगळीचं. उन्हाळ्यात त्याची पानंच नसतात, तर हिरवेपणा कुठून येणार? पदवीला हवामानशास्त्र पाठ करताना जे फुकट गेलं असं वाटत होतं, ते त्या दिवशी कामाला आलं. एकाच महिन्यातल्या दोन प्रतिमा शोधायला पुढं तीन आठवडे गेले. घट उरली ती किरकोळ. चिंताजनक घटीचं वाक्य खोडलं.

फील्डवर जाणं शेवटच्या सेमिस्टरला. तोपर्यंत मी पाणलोटाचे प्रवाह डेमवरून, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या चौकोनी जाळ्यावरून, काढून ठेवले होते. एसआरटीएमची उंचीची माहिती, २००० च्या फेब्रुवारीत एका अंतराळयानानं अकरा दिवसांत रडारनं टिपलेली. सॉफ्टवेअर आधी त्यातले खड्डे भरतं, मग प्रत्येक चौकोनातलं पाणी शेजारच्या आठांपैकी सगळ्यात उताराच्या चौकोनात ढकलतं आणि पाणी साठत साठत प्रवाह तयार होतो. डोंगरात झकास जमतं. सपाटीवर मात्र पट्टीनं आखल्यासारख्या समांतर सरळ रेषा येतात, तशा माझ्याही आल्या होत्या. मी त्यांच्याकडं काणाडोळा करून पुढं गेले होते.

अशाच एका सरळ रेषेवर जीपीएस घेऊन उभी राहिले तर तिथं ओढा नव्हता. शेत होतं. बांधावर शेळ्या घेऊन बसलेल्या आजोबांनी विचारलं, “काय शोधताय, बाई?”

“ओढा. नकाशात इथं ओढा आहे.”

“इथं कुठला? तिकडं सडकेच्या कडंनं जातो, मोरीखालनं.” मग थोडं थांबून, “नकाशा कुणी काढला?”

मीच, असं सांगायचा धीर झाला नाही. सडकेचा भराव पाणी अडवतो आणि ते भरावाच्या कडेकडेनं मोरीपर्यंत जातं. तीस मीटरच्या चौकोनात ना तो भराव दिसतो ना ती मोरी. त्या दोन दिवसांत आम्ही सात ठिकाणी जाऊन पाहिलं. चार बरोबर निघाली, तीन चुकीची. चुकीची तिन्ही सपाटीवरची.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी सगळा प्रबंध चाळला आणि प्रवाहांच्या नकाशावर थांबले. “हा पाचव्या क्रमाचा प्रवाह. कशावरून पाचव्या?” प्रवाहाला मिळत जाणाऱ्या उपप्रवाहांवरून त्याचा क्रम ठरतो.

“मी ५०० चौकोनांचं पाणी साठलं की प्रवाह सुरू झाला असं धरलं, सर. १००० धरले असते तर बारीक प्रवाह गळले असते आणि हाच चौथ्या क्रमाचा झाला असता.”

“मग खरा कुठला?”

मी त्यांना सात जागांचं पान काढून दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, मोरीपाशी हसले आणि पुढच्या मुलाला बोलवायला सांगितलं. किती गुण दिले ते कळायला दोन महिने लागले.

नंतर नोकरी लागली. पहिल्या दिवशी टेबलावर बसते न बसते तोच मेलवर काम आलं: एका तालुक्याच्या सीमा, दुपारपर्यंत नकाशा हवा. सोबत एकच फाइल, डॉट एसएचपी. मी बाकीच्या तीन मागवायला उत्तर लिहिलं, आणि वाट बघता बघता चहा घेऊन आले.